खंबायतचा काफला

काफला हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. मूळचा तो अरबी. अरबीत त्याच्या धातूचा अर्थ 'परत येणे' असा आहे. वाळवंटात निघालेल्या मंडळींना 'जाणारे' न म्हणता 'परतणारे' म्हणावे, म्हणजे तोंडून अशुभ निघत नाही, अशी त्यामागची भावना कोशकार सांगतात. आपल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि गोव्यातला माणूसही उंबरठ्यावर 'येतां हां' असेच म्हणतो. वाळवंट असो की वाडी, निघणाऱ्याच्या मागे उरलेल्यांच्या मनातली धास्ती सारखीच असते.

हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि उंटांवरून उतरवून गलबतांवर चढवला. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोवा आणि खंबायत यांच्या दरम्यान व्यापारी गलबतांचे जे तांडे फिरत, त्यांना ते 'काफिला' म्हणत. पावसाळा सरला की लहानमोठी गलबते पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात एकत्र निघत. वरवर पाहता हा पहारा मलबारी चाच्यांपासून रक्षणासाठी होता. पण व्यापाऱ्याने परवाना घेतला की नाही आणि जकात चुकवली की नाही, हे पाहण्याचाही तोच मार्ग होता. राखणदार आणि वसुलीदार एकाच जहाजावर असण्याची ही व्यवस्था आम्हा वकिलांना अगदीच अनोळखी वाटत नाही. खंबायतेहून गोव्याला कापड येई, नीळ येई, अफू येई, गहू येई, आणि तांबड्या अकीकाचे मणी येत. १६०८ च्या सुमारास गोव्यात असलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने या काफल्याचे वर्णन करून ठेवले आहे. शेकडो शिडे एकदम मांडवीच्या मुखाशी दिसू लागली म्हणजे बाजारात केवढी धावपळ उडत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

असा हा गोव्याचा आणि खंबायतचा जुना सोयरसंबंध. आमचा तर शब्दशः आहे. आमची सोयरीक मडगावची, आम्ही बडोद्याचे, आणि खंबायत आमच्यापासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरांवर. तरीसुद्धा चाळिशी उलटेपर्यंत आम्ही ते शहर पाहिले नव्हते. बडोदेकराला समुद्राची ओढ नसते असे नाही. पण त्याला जवळ आहे ती विश्वामित्री, आणि तीत मगरी आहेत. त्यामुळे पाण्याकडे दुरून पाहण्याची शिस्त त्याच्या अंगी लहानपणापासूनच बाणलेली असते.

गेल्या पौषात, उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी हा योग आला. मडगावचे आमचे मेहुणे सहकुटुंब आले होते. ते डॉक्टर आहेत. छातीच्या विकारांत त्यांची हयात गेली. बडोद्याचा राजवाडा, संग्रहालय आणि कमाटीबाग दोन दिवसांत पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, 'भावोजी, दर्या खंय आसा?' गोव्याचा माणूस तिसऱ्या दिवसापलीकडे समुद्रावाचून राहू शकत नाही. तेव्हा आमच्या वकील मित्रांपैकी दोघांची कुटुंबे, दांडिया बाजारातील आमची ऐंशी वर्षांची मावशी, मुले, दशम्या, पाण्याचे डबे, असा सगळा संसार घेऊन दोन मोटारी आणि एक भाड्याची बारा आसनी गाडी पहाटे निघाली. मावशीने गाडीत बसताना 'येते गं' म्हणून मोकळ्या घराकडे पाहून हात जोडले. काफल्याचा विधी पूर्ण झाला.

पादऱ्याहून मुजपूरवरून महीपार जाण्याचा एक रस्ता आहे. पण तिथला गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी सकाळी मधोमध तुटला. वाहने खाली नदीत गेली, आणि त्या दिवशी कामावर निघालेली कितीतरी माणसे परतली नाहीत. त्यामुळे आम्ही वासदची वाट धरली. वासदजवळ महीची कोतरे दुतर्फा उघडी पडतात. या नदीला इकडे 'महीसागर' म्हणतात. नदीला सागर म्हणणे ही नुसती भक्ताची अतिशयोक्ती नव्हे. आखाताची भरती तिच्या मुखातून बरीच आत चढते. मावशीने पुलावरून नाणे टाकण्यासाठी काच खाली करायला सांगितली. गाडीच्या वेगाने ते नाणे नदीत पडले की मागच्या मोटारीवर, याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

पलीकडे चरोतर लागला. तंबाखूची हिरवीगार शेते, मधूनमधून केळी, आणि गावागावांतून परदेशी गेलेल्या पाटीदारांची मोठाली बंद घरे. बोरसदला आम्ही चहासाठी थांबलो. विसाव्या शतकाच्या आरंभी वल्लभभाई पटेलांनी इथल्या कोर्टात वकिली केली, आणि पुढे १९२३-२४ मध्ये याच तालुक्यात सरकारने दरोडेखोरांच्या बंदोबस्ताच्या नावाखाली रयतेवर लादलेला कर त्यांनी सत्याग्रह करून रद्द करविला. आमच्या मित्राने चहाचा पेला हातात धरून सांगितले की, ज्या गावात पक्षकाराला कर भरायचा नसतो, त्या गावात वकिलाला तोटा नसतो. हसून सगळे पुन्हा गाड्यांत बसले. डावीउजवीकडे सीमारेषा आता कोणाला आठवत नाहीत. पण १९४७ पूर्वी याच वाटेवर इंग्रजांचा खेडा जिल्हा, गायकवाडांचे पेटलाद आणि नवाबाचे खंबायत अशी तीन राज्ये दोन तासांत ओलांडावी लागत. पेशव्यांचाही खंबायतच्या चौथाईवर हक्क होता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. मराठी माणसाने या शहरात वसूल करण्यासाठी पाऊल टाकले होते, पाहण्यासाठी क्वचितच, हे आम्हाला तेथे पोचेपर्यंत राहून राहून वाटत होते.

खंबायत, म्हणजे जुने स्तंभतीर्थ, आजही एका मोठ्या शहराचे राहिलेले घर वाटते. गल्ल्या अरुंद, लाकडी कोरीव दर्शनी भाग काही शाबूत, काही कलंडलेले. आणि त्या दिवशी प्रत्येक ओट्यावर पतंग. कागद, काड्या, खळ आणि बायकांची भराभर चालणारी बोटे. खंबायतचे पतंग गुजरातभर जातात. मुलांनी पहिल्याच गल्लीत आमच्या खिशावर चौथाई बसवली.

जामा मशीद १३२५ सालची आहे. भव्य मोकळे अंगण, भोवती खांबांच्या रांगा; आणि ते खांब पाहताच कळते की हे आधीच्या मंदिरांतून आलेले आहेत. कोणी या खांबांकडे पाहून रागावेल, कोणी त्यांच्या घडणीकडे पाहून थक्क होईल. आम्ही दोन्ही केले. मशिदीला लागूनच उमर अल् काझरूनी याची संगमरवरी कबर आहे. हा इराणी व्यापारी येथे एवढा वाढला की त्याला 'व्यापाऱ्यांचा राजा' असा किताब मिळाला. इब्न बतूता १३४२ मध्ये खंबायतेस आला, त्याने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे: दिल्लीच्या सुलतानाकडे नजराणा घेऊन निघाला असता वाटेत काझरूनीचा काफला लुटला गेला आणि तो स्वतः मारला गेला. १३३३ चे हे वर्ष त्याच्या कबरीवर आहे. जो आयुष्यभर दुसऱ्यांचे तांडे सुखरूप पोचवीत होता, तो स्वतः परतणाऱ्यांपैकी नव्हता. याच शहरात कोरलेले संगमरवरी कबरीचे दगड त्या काळी जहाजांतून सुमात्रा आणि जावा बेटांपर्यंत जात, आणि तेथे ते अजून उभे आहेत. एखाद्या गावाची कीर्ती त्याच्या थडग्यांच्या दगडांवरून इतक्या दूर गेल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.

जैनांचे खंबायत निराळेच. स्तंभन पार्श्वनाथाच्या मंदिरात मावशी आमच्याआधी जाऊन बसली होती. हेमचंद्राचार्यांची दीक्षा याच गावी झाली असे परंपरा सांगते. वस्तुपाल मंत्री तेराव्या शतकात येथे कारभारी होता. शांतिनाथ भांडारातील ताडपत्री पोथ्यांची सूची मुनी पुण्यविजयांनी केली, आणि ती १९६१ व १९६६ साली दोन भागांत आमच्याच बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत छापली गेली. सयाजीरावांनी सुरू केलेल्या त्या ग्रंथमालेने जवळच्या नवाबी गावातील पोथ्यांची अशी विचारपूस केली, याचा बडोदेकर म्हणून आम्हाला थोडा अभिमान वाटला. आणि अभिमान वाटताच भूक लागली. हलवासन आणि सुतरफेणी ही या गावची दोन मिष्टान्ने. पहिले खावे, दुसरे घरी न्यावे, असा आमचा वाचकांना सल्ला आहे. सुतरफेणी गाडीत खाऊ लागले तर अर्धी तोंडात आणि अर्धी पोशाखावर जाते.

दुपार कलल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न केला, आणि आम्ही बंदराकडे निघालो. बंदर असे आता काही नाही. गावाबाहेर खाऱ्या माळावर रस्ता संपतो. पुढे मिठागरे, थोडी खारफुटी, आणि त्यापुढे चिखल, चिखल, डोळा पोचेल तिथवर राखाडी रंगाचा चकाकणारा चिखल. डॉक्टर कपाळावर हात धरून उभे राहिले. पुन्हा म्हणाले, 'पूण दर्या खंय आसा?' शेजारी गुरे राखणाऱ्या पोराने भाषा न समजताही प्रश्न ओळखला आणि हाताने लांबवर दाखवून खूण केली की तो येतो आणि जातो, आता गेला आहे.

इब्न बतूतानेही हेच पाहिले होते: ओहोटीला जहाजे चिखलात बसलेली आणि भरतीला तरंगणारी. या आखाताची भरती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठी. पाणी दहा-दहा मीटर चढते आणि तितकेच उतरते. मोठी जहाजे म्हणून खाली घोघ्याला किंवा गंधारला थांबत, आणि माल भरतीच्या लोटावर लहान गलबतांतून वर आणीत. मही आणि साबरमती यांनी शतकानुशतके आणलेल्या गाळाने पुढे तेही अवघड केले. व्यापार सुरतेला गेला. १५७२ मध्ये अकबराने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो येथे. १६१७ मध्ये जहांगीरही तेवढ्याचसाठी आला. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने येथे पाखरांचे रुग्णालय पाहून नवल केले, आणि पुढे तोही गोव्यालाच गेला. ज्या काठावरून दोन पातशहांनी समुद्र पाहिला त्या काठावर उभे राहून आम्ही गुरे पाहिली. नशीब असे की या चिखलाच्या पोटात दुसरे धन निघाले: १९५८ साली खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले, आणि बडोद्याभोवती आज जो कारखान्यांचा संसार आहे त्याचा पाया तेव्हा पडला.

मुले एका चरातले पाणी बाटलीत भरू लागली, तेव्हा आम्हाला सिद्धराजाची गोष्ट आठवली. ती आम्ही तेथेच सर्वांना सांगितली. वाचकांनाही सांगतो, कारण वकिलाने ही गोष्ट एकदा तरी सांगायला हवी.

मुहम्मद औफी नावाचा फारसी ग्रंथकार तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. तो काही काळ खंबायतेस होता आणि ही कथा त्याने तेथे ऐकली. पाटणला सिद्धराज जयसिंह राज्य करीत असता खंबायतेस दंगा झाला. मशीद जाळली गेली आणि ऐंशी माणसे मारली गेली. मशिदीचा खतीब अली हा जीव वाचवून पाटणला गेला, पण दरबारी मंडळींनी त्याला राजापर्यंत पोचू दिले नाही. शेवटी राजा शिकारीला निघाला असता तो झाडाआड बसून राहिला आणि आपली फिर्याद देशी भाषेत कविता करून त्याने राजाच्या हाती दिली. राजाने ती ठेवून घेतली. प्रधानांना सांगितले की आपण तीन दिवस अंतःपुरात राहणार, कोणी येऊ नये. आणि त्याच रात्री एका वेगवान उंटावर बसून, वेष पालटून, चाळीस फरसंग वाट तोडून तो खंबायतेस आला. बाजारातून, गल्ल्यांतून त्याने स्वतः चौकशी केली. खतीबावर खरोखरच जुलूम झाल्याची खात्री करून घेतली. आणि निघताना एका भांड्यात समुद्राचे पाणी भरून घेतले. तिसऱ्या दिवशी दरबार भरला. अलीने फिर्याद मांडली. विरुद्ध पक्षाच्या लोकांनी ती खोटी ठरवायचा प्रयत्न केला. तेव्हा राजाने ते भांडे पुढे करून त्यांना पाणी प्यायला सांगितले. पाणी खारे लागले. मग राजाने सांगितले की, धर्म निराळा असल्यामुळे मला कोणावर विश्वासता येत नव्हते, म्हणून मी स्वतः जाऊन आलो. ज्यांनी दंगा केला त्यांच्या पुढाऱ्यांना त्याने शिक्षा केली आणि मशीद पुन्हा बांधण्यासाठी एक लक्ष बालोत्रा, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, दिली.

आमच्या मित्राने ताबडतोब हरकत घेतली. न्यायाधीशाने आपली खासगी माहिती निकालात आणू नये. ती असेल तर त्याने आसनावरून उतरून पिंजऱ्यात साक्षीला उभे राहावे. हरकत बरोबर आहे. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील अठराव्या नियमाने न्यायालयाला वादातील जागा किंवा वस्तू स्वतः पाहण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो किती क्वचित वापरला जातो हे कोर्टाची पायरी चढणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कागद आमच्याकडे चालत येतो. आम्ही कागदाकडे चालत जात नाही. डॉक्टर सगळे ऐकून एवढेच म्हणाले, 'मागीर तुमी कितें भरून व्हरतले?'

उत्तर आम्हाला तासाभरात मिळाले.

परतताना बायकांना अकीकाचे मणी घ्यायचे होते. मणी हा खंबायतचा सर्वांत जुना धंदा. जवळच लोथल येथे १९५५ ते १९६० च्या उत्खननात चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचा मणी घडवण्याचा कारखाना सापडला. मेसोपोटेमियातील उर येथल्या राजकबरींत असेच तांबडे मणी निघाले आहेत. दगड येतो तो भरूच जिल्ह्यातील झगडियाजवळच्या रतनपूरहून. तेथे बावा गोर या सिद्दी पीराचा दर्गा आहे, आणि कारागीर अजून त्याला आपल्या धंद्याचा आद्यपुरुष मानतात. एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला सगळी रीत करून दाखवली. दगड आधी महिनोन्महिने उन्हात वाळवतात. मग मातीच्या भांड्यांत घालून शेणीच्या मंद विस्तवात भाजतात. दगडातील लोह तापून पिवळट खड्याला रक्तासारखा रंग चढतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर खडा टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टिचकी मारायची, की नेमकी कपची उडते. लोखंडी हातोडी चालत नाही, दगड फुटतो. भोक पाडायचे ते धनुष्याने फिरवायच्या सामत्याला हिऱ्याची कणी बसवून. ही सगळी कामे डोळ्यांना सुख देणारी आहेत. आमच्या मंडळींनी वाहवा केली.

शेवटचे काम उरले होते, घासण्याचे. ते मागच्या गल्लीत चालते, आणि ते दाखवायला म्हातारा फारसा उत्सुक नव्हता. डॉक्टर मात्र आवाजाच्या रोखाने चालू लागले होते. एका घराच्या पडवीत विजेच्या मोटारीवर सहाणेचे चाक फिरत होते. त्यासमोर एक तरुण मुलगा बसून खडा दाबीत होता. चाकावरून पांढरा धुरळा उठत होता, मुलाच्या भुवयांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, चुलीवरच्या झाकणावर बसत होता. आत बाजेवर त्याचा बाप उशांना टेकून बसला होता. वय अडतीस सांगितले, दिसत होते साठ. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावे लागत होते. आम्ही वकील आणि डॉक्टर आहोत हे कळताच त्याची बायको पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तीत क्षयाच्या औषधोपचाराची दोन कार्डे होती, दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण. आणि छातीचे चित्र. डॉक्टरांनी ते दाराच्या उजेडात धरले आणि बराच वेळ खाली केले नाही. मग आमच्याकडे न पाहताच म्हणाले, 'हें फकत टीबी न्हय.'

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. अकीक म्हणजे बहुतांशी सिलिका. तिची डोळ्यांना न दिसणारी कणी फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसते. शरीर तिला पचवू शकत नाही, बाहेरही टाकू शकत नाही, म्हणून तिच्याभोवती व्रण धरते. व्रणांची गाठ बनते, गाठींनी फुप्फुस ताठरते. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उतारा नाही. आणि अशा फुप्फुसात क्षय सहज शिरतो, त्यामुळे वरचा रोग दिसतो, आतला दिसत नाही. हाताने चाक फिरवीत तेव्हा धूळ कमी उडे. मोटार आली, काम वाढले, धूळही वाढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने धूळ जागच्या जागी ओढून घेणारी साधने या धंद्यासाठी तयार करून दाखवली आहेत. पडवीत ती नव्हती.

आता वकिलाची पाळी होती. आम्ही विचारले, मालक कोण? बाई म्हणाली, 'मालक तो कोई नथी, साहेब. शेठ पथ्थर आपे, शेठ लई जाय.' या एका वाक्यात सगळा कायदा अडकतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत घातला. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे काय, तर जेथे विजेवर काम चाले आणि किमान दहा माणसे राबत तो. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत हा आकडा वीसवर गेला. पडवीत माणसे दोन: एक घासणारा आणि एक मरणारा. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा या रोगाला कामातून उद्भवलेला मानीत असे, पण भरपाई मागायची कोणाकडे, तर मालकाकडे. आणि येथे 'मालक तो कोई नथी'. दगड दिला जातो, मणी नेला जातो, मधला माणूस कायद्याच्या पुस्तकात कोठेही नोंदलेला नाही. गोध्रा आणि बालासिनोर येथील गारेच्या कारखान्यांत राबून मेलेल्या मध्य प्रदेशातील २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तो २००६ च्या याचिकेवर. तेथे निदान कारखाना होता, त्याला भिंती होत्या. येथे भिंती घराच्याच आहेत.

आम्ही बाईला विचारले, हिशेब कसा ठेवता? तिने पेटीतूनच एक वही काढली. वहीत चौदा वर्षांच्या तारखा, दगडाचे वजन, मण्यांची संख्या आणि मजुरीचे आकडे होते. कोणाचे नाव नाही, सही नाही, पण अक्षर घरातले नव्हते. शेठचा माणूस दर वेळी स्वतःच लिहीत असे, असे ती म्हणाली. वाचकहो, वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही पुष्कळ खरेदीखते आणि ताम्रपटही हाताळले आहेत. पण त्या कळकट वहीइतका महत्त्वाचा दस्तऐवज क्वचितच आमच्या हाती आला असेल. माल कोणी दिला, कोणी नेला, दर कोणी ठरवला आणि किती वर्षे, हे ज्या कागदावरून सिद्ध होते, त्यावर मालकाचे नाव नसले तरी मालकाचा हात आहे. आमच्या मित्राने पानापानाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घेतली. मूळ वही बाईने परत पेटीत ठेवली आणि तिच्यावर लुगड्याची घडी ठेवली.

बायकांनी त्या दिवशी मणी घेतले नाहीत. मावशीने मात्र घेतले, आणि तिने जे म्हटले ते आम्हाला पटले. ती म्हणाली, 'अरे, तुम्ही मणी घेतला नाहीत म्हणून त्याचा दम कमी होणार आहे का? उलट पोराची मजुरी बुडेल. मणी घ्या, आणि धूळ बंद करा.' न घेणे ही आमची सोय होती. धूळ बंद करणे हे काम आहे.

महीच्या पुलावर परत आलो तेव्हा अंधार झाला होता. पाण्याकडे पाहायला कोणी काच खाली केली नाही. मुले झोपली होती, आणि त्यांच्या पायांशी ती खाऱ्या पाण्याची बाटली गडगडत होती.

त्यानंतर काय झाले तेही थोडक्यात सांगायला हवे. डॉक्टरांनी मडगावला जाऊन चित्राचा सविस्तर अभिप्राय लिहून पाठवला. नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही वहीच्या आधारावर केला आहे. त्यात शेठला पक्षकार केले आहे आणि जागेची व कामाची प्रत्यक्ष पाहणी व्हावी अशी स्वतंत्र मागणी केली आहे. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की तो मनुष्य स्वतंत्र कारागीर होता, दगड विकत घेत होता आणि मणी विकत होता. मग वहीत दगडाची किंमत का नाही, केवळ मजुरीच का आहे, याचे उत्तर अजून आलेले नाही. धूळ ओढणाऱ्या यंत्रासाठी केलेला अर्ज वेगळ्या मेजावर आहे. मुलगा अजून चाकावर बसतो. त्याच्या चाकाला आता एक पत्र्याचे धुराडे लावले आहे, तेवढे आमच्या मंडळींनी वर्गणीने केले.

मडगावहून दर पंधरवड्याला फोन येतो. डॉक्टर क्षेमकुशल विचारीत नाहीत. पहिलाच प्रश्न असतो, 'त्या मनशाचें कितें जालें?' येत्या सोमवारी तारीख आहे. या वेळी एकच मोटार जाणार आहे, आणि बाईने सांगितले आहे की मूळ वही ती स्वतःच्या हाताने हजर करील.